हसवणाऱ्याचे काम

लग्नाच्या बैठकीत किंवा नातेवाइकांच्या भेटीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "मुलगा काय करतो?" "शिक्षक आहे", "रेल्वेत आहे", "स्वतःचे दुकान आहे" यांपैकी कोणतेही उत्तर मिळाले, की विचारणाऱ्याचे समाधान होते. परंतु "तो लोकांना हसवतो" असे उत्तर आले, तर बैठकीत क्षणभर शांतता पसरते आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : "ते ठीक आहे हो, पण पोटापाण्यासाठी काय करतो?" हसणे सर्वांना हवे असते, मात्र हसवणे हे एखाद्याचे काम असू शकते, त्यात श्रम असतात आणि त्या श्रमांना प्रतिष्ठा असावी, हे मान्य करायला समाज सहसा तयार नसतो. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. त्यासाठी वाराणसीत शिकलेल्या एका अभियंत्याचे उदाहरण उपयोगी पडते. त्यांचे नाव वरुण ग्रोव्हर.

वाराणसी, म्हणजेच काशी, ही मोक्षाची नगरी म्हणून ओळखली जाते. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या घाटांवर चिता अहोरात्र जळत असतात आणि देशभरातून माणसे अखेरचा श्वास घेण्यासाठी येथे येतात. मरण इतके जवळ असूनही हे शहर उदास नाही. येथील माणूस पानाच्या ठेल्यावर आणि चहाच्या टपरीवर राजापासून रंकापर्यंत सर्वांची खिल्ली उडवतो. याच नगरीत संत कबीरांनी पंडित आणि मुल्ला या दोघांच्याही ढोंगावर बोचरे प्रहार केले. याच नगरीत जन्मलेल्या भारतेंदु हरिश्चंद्र यांनी १८८१ साली 'अंधेर नगरी' हे प्रहसन लिहिले. भिंत पडून एक बकरी मरते. दोष एकाकडून दुसऱ्याकडे ढकलला जातो. शेवटी फासाचा दोर ज्याच्या गळ्यात नीट बसेल, त्यालाच अपराधी ठरवले जाते, असे त्याचे कथानक आहे. हे प्रहसन शंभराहून अधिक वर्षे रंगभूमीवर टिकून आहे. पुढच्या पिढीत 'बेढब बनारसी' या नावाने लिहिणारे कृष्णदेव प्रसाद गौड यांनी हीच परंपरा चालवली. दरवर्षी १ एप्रिलला गंगेच्या घाटावर 'महामूर्ख' मेळा भरतो आणि त्या रात्री शहाणीसुरती माणसे स्वतःला मूर्ख म्हणवून घेण्यासाठी गर्दी करतात. स्वतःवर हसण्याची अशी जाहीर सोय फार थोड्या शहरांत आढळते.

मराठी माणसाचे काशीशी असलेले नाते केवळ तीर्थयात्रेपुरते नाही. पैठणच्या संत एकनाथांनी आपले 'एकनाथी भागवत' १५७३ साली काशीतच पूर्ण केले. संस्कृतातील ज्ञान लोकभाषेत आणले म्हणून तेथील विद्वानांचा रोष त्यांना पत्करावा लागला आणि अखेर त्याच ग्रंथाचा तेथे सन्मान झाला, असे परंपरा सांगते. याच एकनाथांनी भारुडे रचली. भारुड सादर करणारा कलावंत कधी विंचू चावलेला माणूस होतो, कधी सासुरवासाला कंटाळलेली सून होतो, तर कधी जोशी किंवा गोंधळी होतो. श्रोते पोट धरून हसतात आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात येते, की हे बोलणे आपल्याविषयीच चालले आहे. हसवणाऱ्याचे काम हलके आहे, असे म्हणणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की एकनाथांसारख्या पंडिताला ते काम हलके वाटले नव्हते.

वरुण ग्रोव्हर यांचा जन्म २६ जानेवारी १९८० रोजी हिमाचल प्रदेशातील सुंदरनगर येथे झाला. पुढे त्यांचे बालपण देहरादून आणि लखनौ येथे गेले. मध्यमवर्गीय घरातील हुशार मुलाने अभियंता व्हावे, ही त्या काळातील सर्वसामान्य अपेक्षा होती. त्याप्रमाणे त्यांनी वाराणसीला बनारस हिंदू विद्यापीठाच्या तंत्रज्ञान संस्थेत स्थापत्य अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांतून १९१६ साली उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाची तंत्रज्ञान संस्था २०१२ साली भारतीय प्रौद्योगिकी संस्था, म्हणजे आय.आय.टी., झाली. ग्रोव्हर २००३ साली पदवीधर झाले. त्यानंतर सुमारे एक वर्ष त्यांनी पुण्यात संगणक क्षेत्रातील नोकरी केली. पगार, स्थैर्य, घरच्यांचे समाधान असे सारे काही हाताशी होते. तरीही २००४ साली ती नोकरी सोडून ते लेखक होण्यासाठी मुंबईला आले.

मुंबईत त्यांना काम मिळाले ते दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांच्या लेखनाचे. 'द ग्रेट इंडियन कॉमेडी शो' या कार्यक्रमासाठी त्यांनी लेखन केले. पडद्यावर जो नट दिसतो, त्याला प्रेक्षक ओळखतात. त्याच्या तोंडचे वाक्य रात्र जागून लिहिणारा मात्र अनोळखी राहतो. अशा अनोळखी लेखणीतून ग्रोव्हर यांची उमेदवारी झाली. पुढे ते स्वतः मंचावर उभे राहून बोलू लागले. त्याच सुमारास, २००५ साली, 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' ही स्पर्धा घराघरांत पाहिली गेली. तिचे विजेतेपद विदर्भातून आलेल्या सुनील पाल यांनी मिळवले आणि कानपूरचे राजू श्रीवास्तव याच स्पर्धेतून देशभर लोकप्रिय झाले. लहान गावांतून आलेली, मोठ्या घराण्याचा आधार नसलेली माणसे केवळ बोलण्याच्या बळावर उभी राहू शकतात, हे त्या वर्षी सामान्य प्रेक्षकांनी पाहिले.

ज्याला आज सर्वत्र 'स्टँड-अप कॉमेडी' म्हणतात, त्या कलेचे साहित्य अगदी थोडे असते. एक मंच, एक ध्वनिक्षेपक आणि एक माणूस. वेशभूषा नाही, नेपथ्य नाही, सोबतीला दुसरा नट नाही. नवशिक्याला सुरुवातीला पाच-सात मिनिटे मिळतात. समोर वीस-पंचवीस अनोळखी माणसे बसलेली असतात. एखादा विनोद फसला, तर त्याची शिक्षा तत्काळ मिळते. सभागृहातील शांतता त्याला सहन करावी लागते. मग घरी जाऊन तेच वाक्य पुन्हा लिहायचे, एक शब्द काढायचा, दुसरा घालायचा, कोठे थांबायचे ते ठरवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहायचे. तासाभराचा चांगला कार्यक्रम असा अनेक महिन्यांच्या घडवण्यातून तयार होतो. सुतार रंधा मारतो, विणकर धागा जुळवतो, तसेच हे काम आहे. फरक इतकाच, की सुताराचे श्रम दिसतात आणि विनोदकाराचे श्रम दिसले, तर विनोद बिघडतो. श्रम लपवणे हाच या कलेचा नियम असल्यामुळे ती सोपी वाटते आणि सोपी वाटल्यामुळे तिला मान मिळत नाही.

महाराष्ट्राला ही कला परकी वाटण्याचे कारण नाही. भारुड, तमाशातील सोंगाड्या, बहुरूपी या सर्वांनी लोकांना हसवत शहाणे केले. विसाव्या शतकात पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली आणि पडद्याआड गेलेल्या एका जीवनपद्धतीला हसत निरोप दिला. लोकांना हसवून मिळवलेल्या पैशांतून त्यांनी अनेक सामाजिक कामांना हातभार लावला. आणीबाणीनंतर १९७७ सालच्या निवडणुकीत हेच विनोदी लेखक लोकशाहीच्या बाजूने जाहीर सभांतून बोलले, हेही विसरता येत नाही. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात पन्नासहून अधिक पात्रे एकट्याने रंगवली आणि मराठवाड्याच्या बोलीला रंगमंचावर मानाची जागा मिळवून दिली. या माणसांना महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. तरीही आपल्या घरातील मुलगा तोच मार्ग धरू लागला, तर घरचे घाबरतात. या भीतीचा मान ठेवूनही असे म्हणावे लागते, की कौतुक दुसऱ्याच्या मुलाचे आणि काळजी आपल्या मुलाची, ही वृत्ती न्यायाला धरून नाही.

येथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. आज विनोदाच्या नावाखाली पुष्कळदा शिवीगाळ आणि चेष्टा चालते. जाड माणूस, तोतरे बोलणारा, काळ्या वर्णाची मुलगी, खेड्यातून आलेला कामगार, तृतीयपंथी यांना हसण्याचा विषय केले जाते. अशा कार्यक्रमांना कला का म्हणावे, असे कोणी विचारले, तर तो प्रश्न चुकीचा नाही. परंतु वाईट कविता पुष्कळ आहेत म्हणून कविता वाईट ठरत नाही. विनोदाची कसोटी वेगळी आहे. हसणाऱ्याने कोणाकडे पाहून हसायचे, हे विनोदकार ठरवतो. जो आधीच खाली पडला आहे, त्याच्याकडे बोट दाखवून हसवणे सोपे असते. तो उलटून बोलणार नाही, हे ठाऊक असते. ज्याच्या हातात सत्ता, पैसा किंवा प्रतिष्ठा आहे, त्याच्या विसंगतीवर बोट ठेवायला धैर्य लागते. आणि स्वतःवर हसायला त्याहूनही अधिक प्रामाणिकपणा लागतो.

ग्रोव्हर यांच्या कामाकडे या कसोटीने पाहिले, तर त्याचे महत्त्व ध्यानात येते. संगीतकार राहुल राम आणि विनोदकार संजय राजौरा यांच्यासह त्यांनी 'ऐसी तैसी डेमोक्रसी' हा कार्यक्रम सुरू केला. गाणी आणि विनोद यांच्या मिश्रणातून त्यात सार्वजनिक जीवनातील ढोंगावर टीका असते. आपण ज्या वर्गातून आलो, त्या शिकलेल्या मध्यमवर्गाची भीती, त्याचा स्वार्थ आणि त्याचे अंधपण यांनाही ग्रोव्हर सोडत नाहीत. त्यांची सर्वच मते सर्वांना पटतील असे नाही आणि पटावीत अशी अपेक्षाही नाही. लोकशाहीत टीकेचे उत्तर टीकेने देता येते. न आवडलेल्या विनोदावर न हसणे हे तर प्रेक्षकाच्या हातातील सर्वांत सोपे आणि सर्वांत प्रभावी उत्तर आहे.

दुर्दैवाने एवढ्यावर सर्वांचे समाधान होत नाही. जानेवारी २०२१ मध्ये इंदूर येथे एका तरुण विनोदकाराला कार्यक्रमाच्या ठिकाणी अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत महिन्याहून अधिक काळ त्याला तुरुंगात राहावे लागले. कोणाच्या भावना दुखावल्या, तर कायद्याकडे जाण्याचा अधिकार नागरिकाला आहे, हे खरे. परंतु शब्दाची शिक्षा तुरुंग ठरू लागली, की पुढचा विनोदकार सत्तेकडे पाठ फिरवतो आणि पुन्हा त्या जाड माणसाकडे, त्या काळ्या मुलीकडे वळतो. म्हणजे भीतीमुळे विनोद बंद पडत नाही. तो दुर्बळांवर उलटतो. 'अंधेर नगरी'त फासाचा दोर ज्याच्या गळ्यात बसतो, त्याला पकडले जाते. विनोदकारांच्या बाबतीत समाजाने तसे वागू नये.

विनोदकार गंभीर असू शकत नाही, हाही एक गैरसमज आहे. तो दूर करणारे उत्तर पुन्हा वाराणसीतच सापडते. २०१५ साली 'मसान' हा हिंदी चित्रपट आला. त्याचे दिग्दर्शन पुण्यात व्यवस्थापनशास्त्र शिकलेल्या नीरज घेवान यांनी केले, तर लेखन वरुण ग्रोव्हर यांचे होते. 'मसान' म्हणजे स्मशान. चित्रपटाचा एक नायक, दीपक, पिढ्यान्‌पिढ्या घाटावर प्रेते जाळणाऱ्या डोम समाजातील आहे. तो अभियांत्रिकीची पदविका घेत आहे आणि या कामातून बाहेर पडू पाहत आहे. त्याचे एका वरच्या मानलेल्या जातीतील मुलीवर प्रेम जडते. एके दिवशी अपघातात मेलेल्या प्रवाशांची प्रेते घाटावर येतात आणि त्यांत त्याला तिचाच मृतदेह दिसतो. कान महोत्सवात या चित्रपटाला दोन पुरस्कार मिळाले. ज्या शहरात ग्रोव्हर शिकले, त्या शहरातील घाटांकडे त्यांनी पर्यटकाच्या नजरेने पाहिले नाही, हे या कथेतून दिसते. भाविकाला चितेत मोक्ष दिसतो. लेखकाला ती चिता पेटवणाऱ्या मुलाचे भाजलेले हात दिसले.

त्याच वर्षीच्या 'दम लगा के हइशा' या चित्रपटातील गीतासाठी ग्रोव्हर यांना सर्वोत्कृष्ट गीतकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी २०१२ साली 'गँग्ज ऑफ वासेपूर' या चित्रपटाची गीतेही त्यांनी लिहिली होती. परीक्षेच्या शर्यतीत धावणाऱ्या मुलाची कथा सांगणारा 'ऑल इंडिया रँक' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०२४ साली प्रदर्शित झाला. मुलांसाठीही त्यांनी हिंदीत लेखन केले आहे. एकच माणूस विनोद सांगतो, प्रेमगीत लिहितो आणि स्मशानाची कथाही लिहितो, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. जे सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, पण कोणी पाहत नाही, ते पाहणे हे या तिन्ही कामांचे मूळ आहे. विसंगती दिसली, की विनोद जन्मतो. त्याच विसंगतीची झळ कोणाला तरी लागते हे दिसले, की करुणा जन्मते.

मग राहिला शेवटचा आणि सर्वांत व्यावहारिक आक्षेप. सरकारी पैशांतून चालणाऱ्या संस्थेतील एक जागा या माणसाने घेतली आणि पूल किंवा रस्ता न बांधता तो विनोद सांगत बसला. ही जागा वाया गेली नाही का? हा प्रश्न रास्त आहे, कारण त्या एका जागेसाठी हजारो मुले झुरत असतात. परंतु शिक्षणाचा हिशेब केवळ पदवीवर लिहिलेल्या विषयाने करता येत नाही. शिक्षणाने माणसाला नीट पाहायला, प्रश्न विचारायला आणि आपले म्हणणे रचून मांडायला शिकवले, तर ते वाया गेले असे म्हणता येणार नाही. वाराणसीतील त्या काही वर्षांनी देशाला पूल दिला नसेल. 'मसान' मात्र दिला. अर्थात ही गोष्ट सर्वांनी अनुकरण करावे अशी नाही. हाताशी पदवी असणाऱ्याला नोकरी सोडण्याचा धोका पत्करता येतो, कारण प्रसंगी तो मागे फिरू शकतो. ज्याच्या कमाईवर घराची चूल पेटते, त्याला ती मुभा नसते.

म्हणूनच ग्रोव्हर यांच्याबरोबर आणखी एका विनोदवीराची आठवण ठेवायला हवी. जॉनी लिव्हर यांचा जन्म १९५७ साली आंध्र प्रदेशातील एका तेलुगू भाषक कुटुंबात झाला आणि ते मुंबईत धारावीत वाढले. घरच्या गरिबीमुळे सातवीनंतर त्यांची शाळा सुटली. प्रसिद्ध नटांच्या नकला करत त्यांनी रस्त्यावर पेने विकली. पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात ते कामगार झाले. तेथील एका समारंभात त्यांनी साहेबांच्या नकला केल्या आणि सहकाऱ्यांनी त्यांना जे नाव दिले, तेच पुढे देशभर गाजले. एकाकडे नामवंत संस्थेची पदवी होती, दुसऱ्याकडे शाळेचा दाखलाही पुरा नव्हता. परंतु दोघांनीही लोकांचे बोलणे, चालणे, लपवणे बारकाईने पाहिले आणि आपले काम दररोज घासूनपुसून चोख केले. शाळा सुटली म्हणून शिकणे सुटत नाही आणि पदवी मिळाली म्हणून शिकणे संपत नाही, हे या दोन आयुष्यांतून एकाच वेळी सिद्ध होते.

समाजाला अन्न पिकवणारा, घर बांधणारा, आजार बरा करणारा जसा लागतो, तसाच त्याच्या चुका त्याला न रागावता दाखवणाराही लागतो. राजदरबारातील विदूषकाला राजासमोर खरे बोलण्याची मुभा होती, असे जुन्या कथांत येते. लोकशाहीत राजा उरला नाही. सत्ता सर्वांची झाली. तेव्हा खरे ऐकून घेण्याची जबाबदारीही सर्वांची झाली. हसवणाऱ्याने दुर्बळांना सोडावे आणि बलवानांना सोडू नये. ऐकणाऱ्याने स्वतःवरील विनोदालाही हसण्याइतके मन मोठे ठेवावे. एवढे झाले, तर लग्नाच्या बैठकीत "तो लोकांना हसवतो" असे उत्तर आल्यावर शांतता पसरणार नाही आणि पोटापाण्याचा तो दुसरा प्रश्न विचारण्याचीही कोणाला गरज वाटणार नाही.